बढती नाकारल्याचं पत्र

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी या गावातल्या मुलींच्या दोन पिढ्यांना गणित शिकवलं. त्यांतल्या पुष्कळजणी पुढे बँकांत लागल्या. म्हणून ‘स्त्रिया आणि सर्वोच्च नेतृत्व’ हा विषय संयोजकांनी सुचवला तेव्हा तो कापून बँकांपुरता करायची परवानगी मी मागून घेतली. माझी सगळी नोकरी एका सरकारी बँकेत गेली. तिथलं मला आतून माहीत आहे. बाकीच्या क्षेत्रांबद्दल जाता जाता बोलेन.

एका तारखेपासून सुरुवात करते. १९ नोव्हेंबर २०१३. त्या दिवशी मुंबईत भारतीय महिला बँकेचं उद्घाटन झालं. इंदिरा गांधींची जयंती साधली होती, पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. बँकेच्या प्रमुख होत्या उषा अनंतसुब्रमण्यन. आता त्या दिवशी देशातल्या बाकीच्या बँकांच्या खुर्च्यांवर कोण होतं ते पाहा. स्टेट बँकेत महिन्याभरापूर्वीच अरुंधती भट्टाचार्य अध्यक्ष झाल्या होत्या. बँक ऑफ इंडियात विजयालक्ष्मी अय्यर. अलाहाबाद बँकेत बँक ऑफ महाराष्ट्रात घडलेल्या शुभलक्ष्मी पानसे. युनायटेड बँकेत अर्चना भार्गव. खासगी बँकांत आयसीआयसीआयला चंदा कोचर आणि ॲक्सिसला शिखा शर्मा. परदेशी बँकांच्या भारतातल्या कारभारात एचएसबीसीला नैना लाल किडवई, जेपी मॉर्गनला कल्पना मोरपारिया. देशाच्या बँकव्यवसायाचा केवढा तरी मोठा हिस्सा त्या दिवशी बायकांच्या सहीनं चालत होता. अमेरिकेत, युरोपात तेव्हा असं चित्र नव्हतं.

आमच्या बँकेतल्या बायका ही यादी एकमेकींना फोनवर वाचून दाखवत होत्या. वर्तमानपत्रांत लेख आले, पुरवण्या निघाल्या. आता हा ओघ थांबणार नाही, दहा वर्षांत निम्म्या बँका बायकांच्या हातात असतील, असं शहाणीसुरती माणसं म्हणत होती.

दहा वर्षं होऊन गेली. भट्टाचार्यबाईंनंतर स्टेट बँकेत तीन अध्यक्ष झाले, तिघेही पुरुष. आयसीआयसीआयला पुरुष, ॲक्सिसला पुरुष. ती महिला बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, तिची पाटीसुद्धा उरली नाही. मधे इंडियन बँकेत पद्मजा चुंदुरु आल्या, युनियन बँकेत ए. मणिमेखलै आल्या, आपापली मुदत संपवून गेल्या. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदावर तर आजवर एकही बाई बसलेली नाही.

ओघ होता तर आटला का? आणि मुळात आला कुठून?

आला तो १९६९ मधून. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या शाखा आठ हजारांच्या थोड्या वर होत्या. १९९१ पर्यंत त्या साठ हजारांच्या पुढे गेल्या. एवढ्या शाखांना माणसं कुठून आणायची? ओळखीच्या, नात्याच्या, जातीच्या माणसाला चिकटवून द्यायची जुनी रीत त्याला पुरणारी नव्हती. मोठ्या प्रमाणावर लेखी परीक्षा सुरू झाल्या. उत्तरपत्रिकेवर आसनक्रमांक असतो. तपासणाऱ्याला बाई की बुवा ते कळत नाही. मुलाखतीत कळायचंच, आणि तिथे ‘लग्न ठरलंय का’ हा प्रश्न हमखास यायचा, पण तोवर लेखीचे गुण खिशात असायचे. पगार श्रेणीनुसार, दोघांना सारखा. स्त्रीमुक्तीचा कार्यक्रम म्हणून हे कुणी केलेलं नव्हतं. शाखा उघडायची घाई होती आणि त्या घाईत बायका आत आल्या.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असंही नाही. आयुर्विमा महामंडळात नोकरीला लागणाऱ्या बाईकडून एक प्रतिज्ञापत्र भरून घेत. त्यात मासिक पाळीच्या तारखा, गरोदरपणं, गर्भपात असले रकाने होते. अशीच एक बाई नोकरीला लागली, प्रसूतीच्या रजेवर गेली, आणि प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिली असं सांगून तिला काढून टाकलं. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९१ च्या निकालानं तिला पुन्हा कामावर घ्यायला लावलं आणि हे रकाने काढून टाकायला सांगितलं. १९९१! आपल्यातल्या अर्ध्या लोकांच्या नोकऱ्या तेव्हा चालू होत्या. टेल्कोच्या ‘महिलांनी अर्ज करू नये’ या जाहिरातीवर सुधा कुलकर्णींनी जेआरडींना लिहिलेल्या पोस्टकार्डाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. या विमा खटल्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मला ती जास्त महत्त्वाची वाटते, कारण इथे बाई आत आलेली होती. खरं भांडण आत आल्यावर सुरू होतं.

१९७६ साली शुभलक्ष्मी पानसे बँक ऑफ महाराष्ट्रात लागल्या. १९७७ साली इंग्रजी वाङ्मय शिकलेल्या अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर झाल्या. पानसेबाई अलाहाबाद बँकेच्या अध्यक्ष झाल्या २०१२ मध्ये, भट्टाचार्यबाई स्टेट बँकेच्या २०१३ मध्ये. दोघींनाही छत्तीस वर्षं लागली. म्हणजे २०१३ च्या त्या यादीतला सरकारी बँकांचा भाग बहुतांशी सत्तरीच्या दशकातल्या भरतीचा होता. तेव्हा आत आलेल्या बायकांतल्या ज्या शेवटपर्यंत टिकल्या, त्या एकाच वेळी वर दिसल्या. आपण ती सुरुवात समजलो.

माझं म्हणणं तुम्हाला पटवायचं तर बँकेतली बढती कशी चालते ते जरा सविस्तर सांगायला हवं. कंटाळा करू नका, कारण घोडं पेंड खातं ते इथेच.

सरकारी बँकेत आमच्या काळी अधिकाऱ्यांच्या सात श्रेणी होत्या. स्केल वनला तुम्ही लागता, स्केल सेव्हनला जनरल मॅनेजर होता. त्याच्या वर कार्यकारी संचालक, मग व्यवस्थापकीय संचालक. प्रत्येक श्रेणीत काही किमान वर्षं काढल्याशिवाय पुढच्या परीक्षेला, मुलाखतीला बसता येत नाही. वर जायचं तर ग्रामीण किंवा निमशहरी शाखेतली सेवा लागते, शाखाप्रमुखपदाचा अनुभव लागतो. बढती मिळाली की बहुतेकदा बदली होते, मधल्या श्रेणीपासून पुढे ती राज्याबाहेरही होते. बढती नाकारता येते. दोन ओळींचं पत्र द्यायचं. पण अनेक बँकांत मग पुढची एक-दोन वर्षं तुम्हाला प्रक्रियेतच घेत नाहीत. आणि सगळ्यात शेवटची अट: वरच्या पदासाठी निवड व्हायची तर जागा रिकामी होईल त्या दिवशी तुमच्या निवृत्तीला ठरावीक काळ शिल्लक असावा लागतो.

आता हिशेब मांडा. तेविसाव्या वर्षी लागलेली मुलगी तिशीच्या अलीकडे-पलीकडे स्केल टूला पोचते. मुलं लहान असतात ती याच वर्षांत. स्केल थ्री येतं तेव्हा मोठं मूल दहावीच्या तोंडावर असतं आणि सासऱ्यांची किंवा आईची तब्येत उतरणीला लागलेली असते. अशा वेळी तिनं एकदा बढती नाकारली की नाकारलेलं वर्ष, वगळलेली वर्षं आणि पुन्हा रांगेत उभं राहण्याचं वर्ष मिळून तीन-चार वर्षं सहज जातात. दोनदा नाकारली की सहा-सात. मग पुढे तिनं कितीही झपाटून काम केलं तरी ती जनरल मॅनेजर होते सत्तावन्न-अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि निवड समितीसमोर तिचं नावच येत नाही. तिला डावलल्याची नोंद कुठल्याही फाइलमध्ये सापडत नाही, कारण नियमानं ती पात्रच नसते. खासगी बँकेच्या प्रमुखाला रिझर्व्ह बँक सत्तर वर्षांपर्यंत पदावर राहू देते. सरकारी बँकेत सहसा साठीला घरी. उशिरा पोचणाऱ्या माणसाला तिथे वेळच नाही, आणि उशिरा पोचणारं माणूस बहुतेकदा बाई असते.

माझ्याबरोबर लागलेली एक मैत्रीण होती. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. कर्जाचा प्रस्ताव हातात घेतला की तिसऱ्या पानावर कुठे पाणी मुरतंय ते तिला दिसायचं. ताळेबंदातला फुगवलेला माल ती वासावरून ओळखते असं आमचे साहेब म्हणायचे. स्केल थ्रीच्या यादीत ती झोनमध्ये पहिल्या काहींत आली. पोस्टिंग निघालं ओडिशातल्या एका शाखेवर. घरी सासरे अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, मुलगी दहावीत, नवऱ्याची नोकरी कारखान्यात, फिरती पाळी. तिनं युनियनकडे शब्द टाकून पाहिला, झोनल ऑफिसात जाऊन आली. तिथे तिला सांगण्यात आलं, “मॅडम, नियम सगळ्यांना सारखा आहे.” ते खरंच होतं. त्या यादीतल्या पुरुषांनाही लांबच्याच शाखा मिळाल्या होत्या. ते गेले. त्यांची दहावीतली मुलं, अंथरुणावरचे वडील इकडे त्यांच्या बायकांनी सांभाळले. माझ्या मैत्रिणीला तशी बायको नव्हती. तिनं पत्र दिलं. पुढे ती सीनियर मॅनेजर म्हणून निवृत्त झाली. यादीत तिच्या खाली असलेला गृहस्थ जनरल मॅनेजर म्हणून निवृत्त झाला. चांगला माणूस आहे, काम उत्तम करायचा. त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

अरुंधती भट्टाचार्यांचीही गाडी इथेच थांबायची होती. लखनौला बदली झाली, मुलीला शाळेत प्रवेश मिळेना, आणि त्या नोकरी सोडायच्या विचाराला आल्या होत्या. हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. एका जुन्या वरिष्ठांनी त्यांना परावृत्त केलं. त्या वरिष्ठांशी त्या आठवड्यात गाठ पडली नसती तर? स्टेट बँकेची मुळं १८०६ च्या बँक ऑफ कलकत्तापर्यंत जातात. दोनशे वर्षांत पहिल्यांदा झालेली बाई-अध्यक्ष ही एका शाळेच्या प्रवेशावर आणि एका सद्गृहस्थाच्या सल्ल्यावर अवलंबून होती. मला ही गोष्ट स्फूर्तिदायक वाटत नाही, तिनं माझ्या पोटात गोळा येतो. अध्यक्ष झाल्यावर मात्र त्यांनी एक काम नेमकं केलं: मुलांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या देखभालीसाठी महिला कर्मचाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत रजा घेता येईल अशी सोय करून दिली. लखनौ त्या विसरल्या नव्हत्या, असा मी त्याचा अर्थ लावते.

त्यांच्या कारकिर्दीतली दुसरी गोष्ट म्हणजे कामांची विविधता. ट्रेझरी, रिटेल, मनुष्यबळ, न्यूयॉर्कचं कार्यालय, एसबीआय कॅपिटल मार्केट्स. शिखरावर जाणाऱ्याला पैसा कमावणाऱ्या आणि बुडवू शकणाऱ्या खात्यांतून जावं लागतं. आमच्याकडे बायकांना काय मिळायचं? प्रशिक्षण केंद्र, राजभाषा, ग्राहकसेवा, तक्रार निवारण. “तुम्हाला बरं पडेल, सहाला घरी जाता येईल,” असं आपुलकीनं सांगून. मोठ्या कर्जांच्या विभागात, वसुलीत, परकीय चलनाच्या टेबलावर पुरुष. ही आपुलकी फार महाग पडते. शाखेत कॅशची तिजोरी दोन चाव्यांची असते आणि त्यातली एक चावी शाखेतल्या अधिकाऱ्याकडे असते. टॅली लागेपर्यंत त्याला उठता येत नाही, रात्रीचे नऊ वाजोत की दहा. ‘बाईंना कशाला अडकवायचं’ म्हणून चावी देत नसत. चावी नाही म्हणून शाखेच्या कारभाराचा पूर्ण अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून शाखा नाही. आमच्यातल्या काहीजणींनी भांडून चाव्या घेतल्या.

आयसीआयसीआयची वाट वेगळी होती. १९५५ साली निघालेली ही वित्तसंस्था. तिथे ललिता गुप्ते, कल्पना मोरपारिया, शिखा शर्मा, चंदा कोचर अशी ओळच तयार झाली. कोचरबाई मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेतून १९८४ मध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून आल्या आणि २००९ मध्ये प्रमुख झाल्या. पंचवीस वर्षांत! सरकारी बँकेपेक्षा दशकभर आधी. याचं श्रेय बरेचजण नारायणन वाघुल यांना देतात, आणि ते योग्य आहे. वाघुल १९८५ मध्ये तिथे प्रमुख म्हणून आले. त्यांनी आणि नंतर के. व्ही. कामत यांनी तरुण माणसांवर, त्यांत बायकांवर, वयाच्या मानानं मोठ्या जबाबदाऱ्या टाकल्या. मुख्यालय मुंबईत, काम बरंचसं मुंबईत, त्यामुळे ओडिशाची बदली आडवी आली नाही. आणि बंद दाराआड नावं ठरताना शब्द टाकणारं कुणीतरी होतं. बायकांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ‘हिला द्या, जबाबदारी माझी’ असं म्हणणारा विरळा.

पण माणसावर उभी असलेली व्यवस्था माणूस गेल्यावर डळमळते. २०१८ च्या ऑक्टोबरात चंदा कोचर यांनी पद सोडलं. एका कर्जप्रकरणावरून आरोप झाले, चौकशा झाल्या, प्रकरण न्यायालयात गेलं. त्या प्रकरणातल्या खऱ्याखोट्याचा निवाडा करायची ही जागा नव्हे. मला बोलायचं आहे ते त्यानंतर आमच्या क्षेत्रात जे ऐकू येऊ लागलं त्याबद्दल. ‘बघा, बायकांना वर नेलं की असं होतं.’ हे हसत हसत म्हटलं जायचं. येस बँकेच्या राणा कपूर यांना २०२० च्या मार्चमध्ये अटक झाली. त्या वेळी ‘पुरुषांच्या हाती बँक दिली की असं होतं’ असं कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. पुरुष चुकला तर तो एकटा चुकतो. बाई चुकली, किंवा चुकल्याचा नुसता आरोप झाला, तरी मागच्या रांगेतल्या सगळ्याजणींच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लागतं.

आणखी एक गोष्ट. बायकांच्या हाती बँक येते ती बहुधा कुठल्या अवस्थेत येते? रंजना कुमार २००० साली इंडियन बँकेच्या अध्यक्ष झाल्या, राष्ट्रीयीकृत बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. बँक तेव्हा संचित तोट्यात बुडालेली होती. त्यांनी ती वर काढली, पुढे नाबार्डच्या अध्यक्षही झाल्या. २०१३ मध्ये ज्या सरकारी बँका बायकांकडे आल्या त्यांच्या पोटात तेव्हा बुडीत कर्जांचा डोंगर साठत होता. युनायटेड बँकेची अवस्था तर इतकी बिकट होती की भार्गवबाई २०१४ च्या फेब्रुवारीत मुदतीआधीच पायउतार झाल्या. ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या मिशेल रायन आणि ॲलेक्स हॅस्लम या संशोधकांनी २००५ मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांबद्दल असंच निरीक्षण मांडलं होतं: कंपनीची घसरण झालेली असताना बायकांना वर घेण्याकडे कल दिसतो. आपल्याकडे सरकारी नेमणुकांत असा कुणी मुद्दाम कट करतं असं मी म्हणणार नाही. जागा रिकाम्या होतात त्या क्रमानं नेमणुका होतात. पण घर गळायला लागल्यावर किल्ल्या सुनेच्या हाती देण्याची पद्धत आपल्याला अनोळखी नाही.

बाकीच्या वाटांकडे धावती नजर टाकते. पुण्याचंच घ्या. १९६७ मध्ये पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकलची पदवी घेतलेल्या लीला पूनावाला शिकाऊ इंजिनिअर म्हणून सुरुवात करून आल्फा लाव्हलच्या प्रमुख झाल्या, कारखान्याच्या फरशीवरून चढत. अनु आगा यांची वाट निराळी. पती गेल्यावर १९९६ मध्ये थरमॅक्सची धुरा त्यांच्याकडे आली. त्याआधी त्या तिथेच मनुष्यबळ विभाग सांभाळत होत्या. कंपनी अडचणीत आली तेव्हा त्यांनी जे कठोर निर्णय घेतले त्याबद्दल मला आदर आहे. पण घराण्यातून येणाऱ्या बाईला मधली वीस वर्षं ओलांडायची नसतात, म्हणून बाकीच्यांनी त्या उदाहरणावरून फार निष्कर्ष काढू नयेत. आणि आपल्या कोल्हापूरच्या लीना नायर. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स, जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमधून व्यवस्थापन, १९९२ मध्ये हिंदुस्तान लीव्हर. कारखान्यांत काम केलं, मनुष्यबळ विभागात चढत गेल्या, २०१६ मध्ये युनिलिव्हरच्या जागतिक मनुष्यबळ प्रमुख, २०२२ मध्ये शनेलच्या प्रमुख. मनुष्यबळातून मुख्य खुर्चीपर्यंत जाणारी माणसं जगात मोजकी. त्यांना ती खुर्ची मिळाली तीही दुसऱ्या कंपनीत, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रिया नायर हिंदुस्तान युनिलिव्हरच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या, त्या मात्र विक्री, विपणन आणि व्यवसायाच्या वाटेनं. पुण्याच्या सिम्बायोसिसमध्ये शिकून त्या १९९५ मध्ये लागल्या होत्या. लागल्यापासून तीस वर्षं.

कायद्यानं काही केलं का? २०१३ च्या कंपनी कायद्यानं शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक बाई हवी असं ठरवलं. लगेच बायका, मुली, सुना मंडळांवर दिसू लागल्या. मग सेबीला सांगावं लागलं की मोठ्या कंपन्यांत ही संचालिका स्वतंत्र असली पाहिजे. २०१९ पासून पहिल्या पाचशे कंपन्यांना, २०२० पासून पहिल्या हजारांना. त्यानं फरक पडला हे मान्य करते. पण संचालिका वर्षातून काही बैठकांना येते. कारखाना, शाखा, कर्ज, माणसं चालवणारी ती नव्हे. २०१७ मध्ये प्रसूतीची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. उत्तम झालं. पण पगाराचा बोजा मालकावर टाकला, सरकारनं हात झटकले. छोट्या कंपन्या नव्यानं लग्न झालेल्या मुलीला घेताना हात आखडता घेऊ लागल्या तर नवल नाही.

२०१४ मध्ये अर्थमंत्रालयानं सरकारी बँकांना सांगितलं की महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो पतीच्या किंवा आईवडिलांच्या गावाजवळ नेमा. आमच्यात पेढे वाटले गेले. मलाही आनंद झाला, आणि त्याबरोबर एक शंकाही आली. बढतीच्या अटी तशाच राहिल्या होत्या. ग्रामीण सेवा, बाहेरच्या राज्यातला अनुभव, मोठी शाखा हे सगळं मोजलं जाणारच होतं. बाई घराजवळ राहिली आणि यादीत खाली सरकली. सवलत दिली, शिडी बदलली नाही.

शिडी बदलता येते. लांबची सेवा लागतेच तर ती अठ्ठाविसाच्या आत किंवा पंचेचाळिशीनंतर पुरी करायची मुभा द्या, मधल्या दहा-बारा वर्षांचा आग्रह सोडा. बढती आधी द्या, बदली दोन वर्षं पुढे ढकलू द्या. नाकारलेल्या बढतीसाठी प्रक्रियेतून बाहेर काढायचा नियम रद्द करा. वरच्या पदासाठी निवृत्तीआधीच्या शिल्लक काळाची अट शिथिल करा किंवा वयोमर्यादा वाढवा. यांतल्या एकाही गोष्टीनं पुरुषांचं नुकसान होत नाही. आजच्या तरुण पुरुषांनाही ओडिशाला जाताना मूल मागे सोडवत नाही, मी त्यांच्याशी बोलते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये नोबेल मिळालं. माणूस कधीही, कुठेही हजर हवा असं म्हणणाऱ्या नोकऱ्या अवाच्या सवा जास्त पगार देतात. अशा वेळी जोडप्यातला एकजण ती नोकरी करतो आणि दुसरी घराला पुरी पडेल अशी, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. आमच्या झोनल ऑफिसातल्या शिपायालाही ते माहीत होतं, पण आकडे असलेले बरे.

काहीजण म्हणतील, नव्वदीच्या दशकात बँकांत भरतीच थंडावली होती, २००१ च्या सुमारास स्वेच्छानिवृत्तीत लाखभर लोक गेले, म्हणून आज वर माणसंच कमी आहेत. खरं आहे. पण भरती पुरुषांचीही थंडावली होती. वरच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत, त्यांवर कुणीतरी बसलंच.

या सभागृहात बसलेल्या अनेकांकडे बँकांचे, कंपन्यांचे शेअर्स आहेत हे मला ठाऊक आहे. निवृत्त मंडळींचा तो विरंगुळाच आहे. पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना दरवर्षी सेबीच्या नियमानं एक जबाबदारी अहवाल द्यावा लागतो. त्यात संचालक मंडळावर किती बायका, वरिष्ठ अधिकाऱ्यांत किती, प्रसूतीच्या किंवा पालकत्वाच्या रजेवरून किती परतल्या आणि किती टिकल्या, हे आकडे असतात. ती पानं आपण उलटत नाही, लाभांशाच्या पानावर जातो. ती उघडा. त्या आकड्यांत एक आकडा विचारलेलाच नाही: या वर्षी मधल्या श्रेणीत बढती किती जणींना देऊ केली आणि किती जणींनी ती नाकारली. पुढच्या वार्षिक सभेत, ऑनलाइन का होईना, उभं राहून हा एक प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. आणि तोवर तुमच्या घरी सुनेला किंवा लेकीला बढतीचं पत्र आलं, आणि त्यावर लांबच्या गावाचं नाव असलं, तर नाही म्हणायचं पत्र तिनं लिहायला घेण्याआधी घरातल्या पुरुषांनी एकदा विचारावं की या वेळी इथे कोण राहतंय.